सोळा खणांचा वाडा

आमचा थोरला नातू यंदा दहावीच्या वर्गांत आहे. गेल्या श्रावणांत एके सायंकाळीं देवापाशीं दिवा लावून मी ओसरीवर आलों, तों हा पुस्तक उघडें टाकून बसलेला. एका कानांत गाणें चालू, डाव्या हाताशीं मोबाइलवर मित्रांचे निरोप येत-जात होते, आणि उजव्या हातानें भूमितीचें प्रमेय लिहिणें चाललें होतें. मीं म्हटलें, “बाळ, एका वेळीं एक काम करावें.” त्यावर तो हंसून म्हणाला, “आबा, आतां तसें राहिलें नाहीं. संगणक नाहीं का एकदम दहा कामें करीत? आम्हीहि तसेंच करतों.” त्यानें दुसरें कांहीं उत्तर दिलें असतें, तर मीं एखादें सुभाषित ऐकवून विषय संपविला असता. परंतु त्यानें साक्षीला संगणक उभा केला, आणि त्या साक्षीदाराची व माझी ओळख जुनी आहे. तो एकदम दहा कामें करतो हें खरें नाहीं. आणि तें मला ज्या दिवशीं उमगलें, त्या दिवसाची किंमत माझ्या वर्गांतील एका मुलीला जवळजवळ भरावी लागली होती. ती हकीकत आणि तिच्यामागचें यंत्राचें रहस्य वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

योगायोग असा कीं, आमचा जालना जिल्हा आणि आज घरोघरीं दिसणाऱ्या संगणकाचा मूळपुरुष हीं दोन्ही एकाच सालचीं अपत्यें होत. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग आणि परभणी जिल्ह्यांतील परतूर तालुका मिळून १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला. आणि पुढें साडेतीन महिन्यांच्या आंतच, १२ ऑगस्ट १९८१ रोजीं, अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारांत आणला. मेजावर मावतील असे छोटे संगणक त्यापूर्वींहि होते. परंतु पुढें जगभर ज्याच्या नकला झाल्या, तो हा.

माझी आणि त्याची गांठ पडावयास अकरा वर्षें लागलीं. मी त्या वेळीं अंबड तालुक्यांतील एका हायस्कुलांत संस्कृत व मराठी शिकवीत असें. माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, बाकीची शिदोरी पाठशाळेंतील संस्कृताची. १९९२ सालच्या एप्रिलांत आमच्या चालकांच्या मनांत आलें कीं, यंदाचा वार्षिक निकाल हातानें न लिहितां संगणकावर छापून घ्यावा. त्याप्रमाणें गुणपत्रकांचीं बाडें बगलेंत मारून मी व आमचे एक सहकारी पहाटेच्या एस्.टी.नें जालन्यास गेलों. कुंडलिका नदी ओलांडली कीं नव्या जालन्याचा बाजार लागतो. तेथें एका जिन्यावरच्या खोलींत पंचविशीचा एक तरुण असें यंत्र घेऊन बसला होता. पडद्यावर देवनागरी अक्षरें उमटत असलेलीं पाहून मला मोठें नवल वाटलें. तें ‘जिस्ट’ नांवाच्या कार्डाचें काम, असें त्यानें सांगितलें. आय.आय.टी. कानपूर येथें ज्याचें मूळ संशोधन झालें आणि १९८८ सालीं पुण्यास निघालेल्या सी-डॅक संस्थेनें जें पुढें वाढविलें, तें हें कार्ड संगणकाच्या पोटांत बसविलें कीं इंग्रजीसाठीं रचलेल्या प्रोग्रॅमांनाहि आपली लिपि लिहितां-दाखवितां येत असे.

सकाळीं दहापासून मी गुण वाचीत होतों व तो टंकीत होता. तीनच्या सुमारास त्यानें, चाललेला तक्ता तसाच ठेवून, पालकांना पाठवावयाच्या पत्राचा मसुदा उघडावा म्हणून कांहीं कळा दाबल्या. पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली. ‘स्मृति अपुरी आहे’ असा तिचा अर्थ. त्यानें आणखी एक कळ दाबली, आणि यंत्र निश्चल झालें. कोणत्याहि कळेला तें जाब देईना. शेवटीं वीज बंद करून पुन्हां सुरू केली, तेव्हां सकाळपासूनचे सारे गुण नाहींसे झालेले होते. तो कपाळावर हात मारून म्हणाला, “गुरुजी, डिस्कवर उतरवून ठेवायचें राहिलें. मेमरींतलें वीज गेली कीं जातें.” मीं त्याला विचारलें, “एवढ्या मोठ्या यंत्राला चारशें मुलांचे गुण आणि एक पत्र एकदम लक्षांत ठेवतां येत नाहीं?” त्यावर त्यानें मला जें सांगितलें, आणि पुढें मीं स्वतः वाचून जें समजून घेतलें, तें आपल्या घरगुती भाषेंत असें सांगतां येईल.

वाडा केवढा व्हावयाचा हें तुळयांवर ठरतें. संगणकाला स्मृतीचीं घरें किती हें तारांवर ठरतें. त्या पहिल्या यंत्रांत इंटेल कंपनीचा ८०८८ नांवाचा प्रोसेसर, म्हणजे सर्व आज्ञा पाळणारा कर्ता, बसविलेला होता. घराचा पत्ता सांगण्यासाठीं त्याला वीस तारा होत्या. तारेवर वीज आहे किंवा नाहीं, अशा दोनच अवस्था. म्हणून एका तारेनें दोन पत्ते सांगतां येतात, दोहोंनीं चार, तिहींनीं आठ. असें दुप्पट करीत गेलें म्हणजे वीस तारांनीं १०,४८,५७६ पत्ते होतात. एका घरांत एक रोमन अक्षर मावतें. एवढ्या घरांना एक मेगाबाइट म्हणतात. सोयीसाठीं हा ६४-६४ किलोबाइटांच्या सोळा खणांचा वाडा आहे असें समजूं. त्यांतले खालचे दहा खण बिऱ्हाडकरूंना, म्हणजे प्रोग्रॅमांना व त्यांच्या सामानाला, दिलेले होते. वरचे सहा खण मालकानें राखून ठेविले: पडद्यावर दिसणारें चित्र मांडण्यासाठीं, यंत्र जागें होतांच वाचावयाच्या कायमच्या आज्ञांसाठीं, आणि निरनिराळ्या कार्डांसाठीं. दहा खणांचे ६४० किलोबाइट होतात. हाच तो पुढें प्रसिद्ध झालेला ६४० चा उंबरठा.

१९८१ सालीं हा वाडा अपुरा वाटण्याचें कारण नव्हतें. कारण त्या यंत्राचा सर्वांत स्वस्त नमुना अवघ्या १६ किलोबाइट स्मृतीसह विकला जात असे. म्हणजे एका खणाच्या चतुर्थांशांतच बिऱ्हाड थाटलें जाई. परंतु १९८३ च्या जानेवारींत ‘लोटस १-२-३’ नांवाचा उभ्या-आडव्या तक्त्यांवर हिशेब करणारा प्रोग्रॅम आला, आणि व्यापारी लोक वर्षभराची खतावणी एका तक्त्यांत मांडूं लागले. एक-दोन वर्षांतच दहाहि खण भरून गेले. जमाखर्चाला जागा हवी होती. पण तारा वीसच होत्या. वाड्याला एकविसावी तार जोडणें म्हणजे कर्ताच बदलणें, आणि तसें केल्यास लाखों लोकांनीं घेतलेलीं यंत्रें टाकाऊ ठरलीं असतीं.

यावर १९८५ सालीं लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनीं मिळून जो तोडगा काढला, त्याला ‘एक्स्पांडेड मेमरी’, म्हणजे फैलावलेली स्मृति, असें नांव पडलें. त्यांतील युक्ति आमच्या जुन्या पुराणिकांना विचारली असती, तर त्यांनींहि हीच सांगितली असती. पुराणिकांपुढें एक चौरंग असतो. पोथी पांचशें पानांची असली, तरी चौरंगावर चारच सुटीं पानें मांडतां येतात. बाकीचीं बासनांत बांधून मागच्या फडताळांत ठेविलेलीं असतात. वाचतां वाचतां पुढचें पान लागलें कीं शिष्य जुनें पान उचलतो आणि नवें त्याच जागीं ठेवतो. पुराणिकांची दृष्टि चौरंगाबाहेर जात नाहीं. तरी सबंध पोथी त्यांच्या दृष्टीखालून जाते. तसेंच येथें केलें. राखीव सहा खणांत जो एक खण मोकळा सांपडे, त्याचा चौरंग केला. त्यावर १६-१६ किलोबाइटांचीं चार पानें. नव्या कार्डावर मात्र ८ मेगाबाइटपर्यंत स्मृति, म्हणजे असलीं ५१२ पानें. प्रोग्रॅमनें मागितलें कीं तें तें पान चौरंगावर येई. खरी गंमत पुढेंच आहे. पान प्रत्यक्षांत हालत नसे. कार्डावरील एक छोटी किल्ली फिरवून, ‘चौरंगावरची तिसरी जागा म्हणजे यापुढें फडताळांतलें तीनशेंवें पान’ एवढी नोंद बदलली जाई; आणि एवढ्या नोंदीनें तीनशेंवें पान दृष्टीसमोर येई.

यांत दोन उणीवा होत्या. पहिली अशी कीं, ज्या प्रोग्रॅमला चौरंगाची रीत ठाऊक, त्यालाच तिचा लाभ. जुन्या प्रोग्रॅमला फडताळ भरलेलें असूनहि दहा खणांतच दाटी करून राहावें लागे. दुसरी अशी कीं, चौरंग लहान. त्यावर हिशेबाचीं पानें मांडतां येत, पण सबंध बिऱ्हाड उचलून आणतां येत नसे. त्यावर ए.एस्.टी., क्वाड्रॅम व ॲश्टन-टेट या दुसऱ्या तिघांनीं सुधारणा सुचविली कीं, एकच खण कशाला, खालच्या दहांतलेहि बरेच खण असे फिरते करावे. म्हणजे एक बिऱ्हाड सामानासुमानासह फडताळांत गेलें आणि दुसरें त्याच जागीं आलें, असें करतां येईल. १९८७ सालीं मूळ त्रिकुटानें आपल्या नियमांची चवथी आवृत्ति काढली, तींत ही सोय आली आणि मर्यादा ३२ मेगाबाइट, म्हणजे २०४८ पानें, झाली. येथवर स्मृति वाढविण्याची गोष्ट होती. आतां तीच एकाआड एक अनेक कामें करण्याच्या कामीं आली. कारण बिऱ्हाड उचलून ठेवावयास जागा मिळाली कीं अर्धवट काम मोडावें लागत नाहीं, बाजूला ठेवतां येतें.

तोंपर्यंत या यंत्रावर जी ‘डॉस’ नांवाची व्यवस्था चाले, ती एकाच पाहुण्याची सरबराई करणारी होती. एक प्रोग्रॅम बंद केल्याशिवाय दुसरा उघडतां येत नसे. कांहीं चतुर प्रोग्रॅम कोपऱ्यांत मुटकुळें करून पडून राहात आणि ठराविक कळ दाबतांच उठून बसत. परंतु अशा चार जणांना आंत घेतलें कीं मुख्य पाहुण्यालाच हातपाय पसरावयास जागा उरत नसे. आमच्या त्या तरुणाच्या यंत्रांत त्या दुपारीं नेमकें हेंच झालें होतें. १९८५ सालींच क्वार्टरडेक कंपनीनें ‘डेस्कव्ह्यू’ नांवाचा एक कारभारी काढला. तो डॉसवर बसून अनेक प्रोग्रॅम आळीपाळीनें चालवी, आणि ज्यांना दहा खणांत जागा नसे त्यांना या फैलावलेल्या स्मृतींत नेऊन ठेवी.

पुढें कर्ताच मोठा झाला. इंटेलच्या १९८२ च्या ८०२८६ ला चोवीस तारा, म्हणजे १६ मेगाबाइटचा वाडा होता. पण डॉस आपल्या जुन्या सोळा खणांतून हालेना. १९८५ च्या ८०३८६ नें मात्र वेदान्त्यांनीं वाखाणावी अशी माया निर्माण केली. तो आपल्या विशाल स्मृतींत अनेक आभासी वाडे उभे करी, प्रत्येक सोळा खणांचा. आणि त्यांत राहणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला वाटे कीं, सबंध यंत्रांत मी एकटाच आहें. त्यानंतर चौरंगाच्या कार्डाची गरज उरली नाहीं. नुसत्या प्रोग्रॅमनें त्याचें सोंग वठवितां येऊं लागलें.

आतां मुख्य प्रश्न. हीं अनेक कामें ‘एकदम’ होत होतीं काय? मुळींच नाहीं. कर्ता एक होता, आणि तो एका क्षणीं एकच आज्ञा पाळी. त्या यंत्रांत एक घड्याळ होतें. तें सेकंदाला सुमारें अठरा वेळां टोला देई. टोला पडला कीं कारभारी हातांतलें काम थांबवून दुसरें पुढें घेऊं शके. परंतु थांबविण्यापूर्वीं तो एक गोष्ट कधींहि चुकवीत नसे. ८०८८ या कर्त्याच्या हाताशीं चौदा लहान कप्पे असत. चालू क्षणींची बेरीज, हातचे आंकडे, कोणत्या खणांत काम चाललें आहे तें, आणि पुढची आज्ञा कोणत्या घरांत आहे तें, असें सारें त्या चौदा कप्प्यांत असे. सबंध मजकूर अवघा अठ्ठावीस अक्षरांचा. तेवढा तो प्रथम लिहून ठेवी, मगच दुसऱ्या कामाचे चौदा आंकडे उचली. पहिल्या कामाकडे परत येतांच आपली नोंद वाची आणि जणूं मधें कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत पुढच्या आज्ञेपासून सुरुवात करी. यंत्राचें अनेकावधान म्हणतात तें एवढेंच: जलद फिरणें, आणि फिरतांना जागा न चुकणें.

कोणी कितीदां फिरावें याचेहि दोन प्रकार झाले. १९९० सालीं निघालेल्या ‘विंडोज ३.०’ मध्यें बहुतेक प्रोग्रॅमांनीं आपण होऊन दुसऱ्याला वाट द्यावी असा संकेत होता. एकत्र कुटुंबांत न्हाणीघर एक असलें कीं जो तो समजून उमजून लवकर बाहेर येतो, तसाच हा प्रकार; पण एखादे काका आंत गेले ते पुरुषसूक्त संपवूनच बाहेर येणारे निघाले, तर साऱ्या घराचा खोळंबा होतो. यंत्राचेंहि तसेंच होई. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं निघालेल्या ‘विंडोज ९५’ मध्यें नव्या धर्तीच्या प्रोग्रॅमांपुरती तरी आजीबाई घड्याळ घेऊन दाराशीं उभ्या राहिल्या; वेळ संपली कीं कडी वाजलीच.

आतां त्या दिवशींची उरलेली हकीकत सांगतों. सकाळचें काम वाहून गेलें, शेवटची एस्.टी. गांठावयाची होती, म्हणून आम्हीं घाईनें पुन्हां वाचावयास आरंभ केला. नववी ‘ब’ चे संस्कृताचे गुण मी सांगत होतों. बाविसाव्या मुलाचे गुण सांगितले आणि इतक्यांत माझ्या सहकाऱ्यांनीं हजेरीच्या दिवसांची एक बेरीज माझ्यापुढें धरली. मीं ती तोंडी करून दिली, आणि लगोलग गुणपत्रकाकडे वळलों. पट्टी नव्हती, बोट नव्हतें, खूण नव्हती. बाविसाव्याचे गुण मीं पुन्हां एकदां वाचले. तरुणानें ते तेविसाव्यापुढें घातले. तेथून प्रत्येक मुलाच्या पदरीं मागच्याचे गुण पडत गेले. एकतिसावा मुलगा गोवर आल्यामुळें परीक्षेस बसला नव्हता. त्याच्या ओळींत नुसती रेघ होती. ती मीं न उच्चारतां ओलांडली. त्यामुळें बत्तिसाव्यापासून सारें पुन्हां जुळलें, एकहि रकाना रिकामा राहिला नाहीं, आणि ही चूक आमच्या कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

निकाल लागला. दोन दिवसांनीं सकाळीं तो एकतिसावा मुलगा माझ्या दारीं आला. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, “गुरुजी, मी पास झालों म्हणतात, पण संस्कृतच्या पेपराला मी नव्हतोंच.” त्या पोराच्या सचोटीला मीं मनोमन नमस्कार केला आणि बाड उघडलें. पट्टी लावून एकेक ओळ ताडून पाहतां पाहतां सत्ताविसाव्या ओळीवर माझा हात थांबला. त्या मुलीला शंभरांत अडुसष्ट गुण होते. छापील यादींत तेवीस पडले होते, आणि ती नापास होती. पस्तीसला उत्तीर्ण, म्हणजे बारा गुणांनीं नापास.

तिचें घर तीन कोसांवर एका वाडींत होतें. मी सायकल काढली. वडील गोठ्यांत होते, मुलगी दाराआड. मीं सारें सांगितलें. ते म्हणाले, “उद्यां दाखला काढाया येणारच होतों, गुरुजी. पोरीनं दोन दिस अन्न घेतलं नाही. मशिनीनं घोळ केला म्हणायचा.” ‘होय’ म्हणून मोकळें होणें सोपें होतें. मीं म्हटलें, “नाहीं. मशिनीचा घोळ दुपारींच झाला होता. हा माझा.” मुलगी पुढें दहावींत गेली. मी यापलीकडे कांहीं केलें नाहीं. माझ्या हातून जी जागा चुकली होती, तेवढी तिला परत दिली.

घरीं परततांना पाठशाळेंत घोकलेलें न्यायदर्शन आठवलें. गौतमांचें मत असें कीं, मन हें अणुप्रमाण आहे. त्याला एका क्षणीं एकाच विषयाशीं संयोग होतो, म्हणून दोन ज्ञानें एकदम उत्पन्न होत नाहींत. मग ‘मीं एकदम पाहिलें आणि ऐकलें’ असें जें वाटतें, त्याचें काय? त्यावर त्यांचें उत्तर अलातचक्राचें आहे. होळीच्या रात्रीं मुलें जळतें कोलीत गरगर फिरवितात आणि अंधारांत अग्नीचें अखंड वर्तुळ दिसतें. वर्तुळ तेथें कोठेंहि नसतें. एकच ठिणगी जलद फिरत असते. नैयायिक दुसरा दाखला देतात तो कमळाच्या शंभर पाकळ्यांचा: सुई एकदम आरपार गेलीशी वाटते, पण ती एकामागून एकच पाकळी भेदीत जाते. ज्या तत्त्वावर ‘डेस्कव्ह्यू’ चाले, तें हेंच.

आणि ज्यांना आपण अष्टावधानी म्हणतों, ते काय करतात? आठ पृच्छक भोंवतीं बसून कोणी समस्या घालतो, कोणी अमुक अक्षर वर्ज्य करावें म्हणतो, कोणी मधूनच घंटा वाजवून टोले मोजावयास लावतो. अवधानी एकेकाला एकेक चरण देत फिरतो. परंतु त्याची खरी परीक्षा फिरण्यांत नाहीं. शेवटीं जी ‘धारणा’ होते, म्हणजे प्रत्येकाचा सबंध श्लोक जेथल्या तेथें म्हणून दाखवावा लागतो, तींत आहे. चौदा कप्प्यांची नोंद त्यानें मनांत ठेवलेली असते. ती साधना वर्षांची आहे; कानांत गाणें घालून ती मिळत नाहीं.

ही विद्या आपल्या घरांतहि आहे, फक्त तिला कोणी नांव दिलें नाहीं. माझी आई ज्वारी मापतांना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणून आरंभ करी. मधेंच कोणी हांक मारली, तर ती तोंडानें ‘ओ’ देण्यापूर्वीं एक खडा सुपांत टाकी. दर खड्यामागें पांच मापें. परत येऊन खडे पाही आणि मोजणी पुढें चालवी. चुलीवर आधण, पाळण्यांत तान्हें, ओसरीवर आलेगेले. तिचीं कामें आठ असत, पण कोणतेंहि काम ती खूण न ठेवतां सोडीत नसे. आजच्या सुनांना दिवसांत दहा ठिकाणीं धांवावें लागतें. घरच्यांनीं त्यांना निदान खडा टाकण्याइतका अवकाश द्यावा, उत्तरासाठीं उतावीळ होऊं नये, एवढें मला म्हणावेंसें वाटतें.

नातवाला मीं यांतलें कांहींच ऐकविलें नाहीं. त्याला एक कागद दिला. घड्याळ लावून प्रथम सतराचा पाढा दहा ओळी लिही, मग दशावतारांचीं नांवें लिही, असें सांगितलें. दोन्हीं सपाट्यानें झालीं. नंतर म्हटलें, आतां एकाआड एक लिही: सतरा, मत्स्य, चौतीस, कूर्म. नृसिंहापर्यंत तो ठीक गेला. वामनापाशीं अडला, अठ्ठ्याऐंशीं लिहून खोडलें, पुन्हां पहिल्यापासून पाढा म्हटला. वेळ पहिल्याहून पुष्कळच अधिक लागला. वाचकांनीं आपल्या घरीं मुलांकडून, आणि मुलांच्या देखत स्वतःहि, हा खेळ करून पाहावा. काम तेंच, शब्द तेच. वाढतो तो नुसता जाण्यायेण्याचा खर्च.

तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आबा, पण माझ्या मोबाइलमध्यें आठ कोअर आहेत.” मीं म्हटलें, “म्हणजे आठ कर्ते. आठ माणसें कामाला लावलीं तर आठ कामें होतीलच. एका माणसाला आठ मनें फुटलीं असें तें नव्हे.” त्याच्या त्या आठ गिगाबाइटच्या यंत्रांत त्या जुन्या दहा खणांच्या तेरा हजारपट स्मृति आहे; पण त्याला आणि मला मिळालेला चौरंग तेवढाच राहिला आहे, आणि त्यावर पानेंहि थोडींच मावतात.

त्यानें मोबाइल कायमचा दूर ठेविला असें मी लिहिणार नाहीं. तें खरें होणार नाहीं. मात्र हल्लीं निरोप आला कीं तो प्रमेयाच्या चालू ओळीखालीं पेन्सिलीनें एक बारीक रेघ ओढतो आणि मगच मान वर करतो. त्याला ती संवय लागावी म्हणून मीं माझ्या मेजावरची लांकडी पट्टी त्याला देऊं केली होती. ती त्यानें घेतली नाहीं. ती १९९२ सालापासून माझ्याजवळ आहे, आणि अजूनहि कोणाची गुणपत्रिका किंवा घरचा जमाखर्च वाचावयाचा असला, म्हणजे मी ती प्रथम बाविसाव्या ओळीखालीं धरून पाहतों.